कुलकर्ण्यांच्या घरांतला जागल्या

नगरहून छत्रपति संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासें तालुक्यांत, आमचें घोडेगांव आहे. कांद्याचा लिलाव आणि जनावरांचा बाजार यांचे दिवस वगळले, तर परक्या माणसास येथें उतरण्याचें कारण बहुधा एकच असतें : शनिशिंगणापूरचा फांटा येथून फुटतो. त्या गांवच्या घरांना दारें नाहींत, कुलुपें नाहींत, ही गोष्ट आतां साऱ्या देशास ठाऊक आहे. आम्हां शेजाऱ्यांस तिचें नवल लहानपणींच संपलें. पण जानेवारी २०११ मध्यें युको बँकेनें तेथें शाखा काढली, तेव्हांची हकीकत मला अजून विचार करावयास लावते. वर्तमानपत्रांनीं ‘बिनकुलुपाची बँक’ म्हणून तिचें कौतुक केलें. दार कांचेचें, आणि गांवकऱ्यांच्या श्रद्धेस धक्का लागूं नये म्हणून कुलूप असें बसविलें कीं तें सहसा कोणाच्या डोळ्यांत भरूं नये. विजेच्या चुंबकानें धरणारें, दुरून चालविण्याचें. म्हणजे कुलूप होतेंच; फक्त दिसत नव्हतें. गेलीं बारा वर्षें मी ज्या धंद्यांत आहें, त्याचें वर्णन कर असें कोणी म्हटलें, कीं मला तें दार आठवतें.

पुढें २०२५ सालीं त्याच देवस्थानाच्या नांवानें बनावट ॲप काढून, ऑनलाइन पूजेच्या मिषानें दूरदूरच्या भक्तांकडून पैसे उकळल्याचें प्रकरण उघडकीस आलें. गुन्हा नोंदला गेला, विधानसभेंतही त्याची वाच्यता झाली. ज्या गांवीं दारें नाहींत, त्या गांवाच्या नांवानें कोणीं खोटें दार उभें केलें, आणि भाविकांनीं आपापल्या घरीं बसून, हात जोडून, त्यांतून पैसे आंत टाकले.

माझ्या धंद्याचें नांव सायबर-सुरक्षा विश्लेषक. नांव भारदस्त आहे, व कदाचित् त्यामुळेंच चौदा माणसांच्या आमच्या घरांत तें कोणाच्या तोंडीं बसलें नाहीं. मधल्या काकूंच्या मतें मी संगणक दुरुस्त करतें. धाकट्या आत्याच्या यजमानांनीं तर एका लग्नांत माझी ओळख ‘पोलीसखात्यांत असते’ अशी करून दिली, आणि पुढचा तासभर एक अपरिचित गृहस्थ मला आपल्या शेताच्या बांधाचा तंटा समजावून सांगत होते. खरें वर्णन केलें तें आमच्या अण्णांनीं, आणि तेंही मला नांवें ठेवण्याच्या हेतूनें.

अण्णा म्हणजे माझ्या आजोबांचे सर्वांत धाकटे बंधु. वय सत्त्याऐंशी. त्यांचे वडील हे आमच्या घराण्यांतले शेवटचे वतनदार कुलकर्णी. स्वातंत्र्यानंतर कायद्यानें वतन गेलें तेव्हां अण्णा बारा-तेरा वर्षांचे होते, त्यामुळें दप्तराचे रुमाल, जमाबंदीची धांदल, पहाटे वर्दी द्यावयास येणारा जागल्या हें सारें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. २०१३ सालीं पुण्यास एका कंपनींत मला जागा मिळाली. पहिले दोन महिने दिवसपाळी, पुढें रात्रपाळी. जेवणें उरकल्यावर माजघरांत खल झाला. सर्वांचें ऐकून घेऊन शेवटीं अण्णा म्हणाले, “अगं, हें तर जागल्याचें काम! रात्रभर जागायचें आणि कोण आला, कोण गेला तें बघायचें. कुलकर्ण्यांची मुलगी हें करणार? आपल्या वाड्यांत जागल्या जोत्याखालीं बसत असे.”

हें वाक्य मला लागावें म्हणूनच उच्चारलेलें होतें, आणि तें लागलेंही. तरी आईनें माझी बाजू घेतली, वडिलांनीं मौन धरिलें, व मी पुण्यास गेलें. मात्र जसजशी मी त्या कामांत मुरत गेलें, तसतसें मला दिसूं लागलें कीं अण्णांनीं रागाच्या भरांत जें म्हटलें तें अक्षरशः खरें होतें. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत गांवच्या पहारेकऱ्याचीं कामें सांगितलीं आहेत. त्यानें रात्रीं पहारा करावा. गांवांत आलें-गेलेल्याची दखल ठेवावी. परक्या माणसांवर नजर ठेवावी व संशयिताची खबर पाटलास द्यावी. गांवांतल्या प्रत्येक माणसाची चालरीत ओळखून असावें. आणि चोरी झालीच तर चोराचा माग काढावा, चोर हद्दीबाहेर गेला असल्यास तो माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गांवाच्या हवालीं करावा. आमच्याकडे नव्या उमेदवारास पहिल्या महिन्यांत जें पढवितात, त्यांत यापलीकडे फारसें कांहीं नाहीं. शब्द तेवढे निराळे आहेत.

कामाची जागा म्हणजे एक मोठी खोली. तिला सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर म्हणतात. भिंतीवर मोठे पडदे, टेबलांवर दोन-दोन लहान पडदे, आणि दिवसरात्र तीन पाळ्या. बँका, कारखाने, इस्पितळें आपलीं राखण आम्हांवर सोंपवितात. त्यांच्या प्रत्येक यंत्रांतून जी नोंद सतत वाहत असते तिला लॉग म्हणतात. ती संगणकाची रोजकीर्दच होय. अमक्या वेळीं अमक्यानें दार उघडलें, अमुक फाईल वाचली, तमुक पत्त्यावर कांहीं धाडलें. एका मध्यम कारखान्याच्या या कीर्दींत दिवसास लक्षावधि ओळी पडतात, तेव्हां मनुष्यानें त्या सगळ्या वाचणें शक्यच नाहीं. त्यांतून एक यंत्रणा संशयास्पद ओळी वेंचून पुढें ठेवते, व त्या पहिल्या श्रेणीच्या विश्लेषकानें पाहाव्या. उलगडा न झाल्यास दुसऱ्या श्रेणीकडे द्याव्या. तिसऱ्या श्रेणीचीं माणसें थोडीं, अनुभवी, आणि बहुधा झोपेंतून उठविलेलीं असतात.

उदाहरण घ्या. एका कचेरींतला हिशेबनीस रोज साडेनऊस आपल्या यंत्रावर येतो, सहास जातो. एके रात्रीं पावणेतीन वाजतां त्याच्याच नांवानें कोणी आंत येतें आणि पांच मिनिटांत चाळीस फायली उघडतें. संकेतशब्द बरोबर आहे. कुलूप तुटलेलें नाहीं. तरी हा तो माणूस नव्हे हें ओळखावें कशावरून? चालीवरून. हिशेबनीस एका वेळीं एक फाईल उघडतो, वाचतो, मध्यें चहास उठतो. चोराला चहा नको असतो. पण लेखापरीक्षण तोंडावर आलें असेल, तर हाच हिशेबनीस खरोखरीच मध्यरात्रीं घरून काम करीत बसलेला असूं शकतो. आणि त्याचें खातें गोठविलें तर सकाळीं त्याचा साहेब आम्हांस फाडून खातो. कुत्रें भुंकलें कीं पाटलास उठविणारा जागल्या चार दिवसांत कामावरून जाईल. आणि एकदां उठवायचें राहिलें तर गांव जाईल. एका पाळींत माझ्यापुढें शंभर-सव्वाशें इशारे येत. बहुतेक सारे निर्दोष. पहिल्या इशाऱ्यास दिलें तेंच लक्ष पहाटे चार वाजतां शंभराव्यास द्यावयाचें, यांतच या धंद्याची खरी कसोटी आहे. हुशारी त्यानंतर येते.

चित्रपटांतून दिसणारा तो काळोख्या खोलींतला, टोपी ओढून बसलेला, बोटें नाचविणारा वीर मला अद्यापि भेटलेला नाहीं. जे भेटले ते बहुतेक कारकुनी वृत्तीचे, शांत, थोडे संशयी आणि फार चिकट. या विद्येंतली जुनी आणि नांवाजलेली हकीकतसुद्धां हिशेबाचीच आहे. १९८६ सालीं अमेरिकेंत बर्कलीच्या प्रयोगशाळेंत क्लिफर्ड स्टॉल नांवाच्या ज्योतिर्विदास संगणकाच्या वापराचा हिशेब जुळवावयास सांगितला. त्यांत ७५ सेंटांचा फरक येत होता. दुसऱ्या कोणीं पदरचे पैसे घालून खातें मिटविलें असतें. स्टॉलनें सोडलें नाहीं. महिनोन् महिने माग काढीत तो पश्चिम जर्मनींतल्या हॅनोव्हरपर्यंत पोंचला, व तेथला एक मनुष्य अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरून तेथील माहिती रशियाच्या हेरखात्यास विकीत असल्याचें निष्पन्न झालें. २०१६ च्या फेब्रुवारींत बांगला देशच्या मध्यवर्ती बँकेवर दरोडा पडला. चोरट्यांनीं ९५ कोटि डॉलर हालविण्याचे हुकूम सोडले होते, पैकीं ८ कोटि १० लक्ष त्यांच्या हातीं लागले. दोन कोटि डॉलरांचा एक हुकूम मात्र अडला, कारण त्यांत ‘फाउंडेशन’ हा शब्द ‘फॅन्डेशन’ असा लिहिलेला होता व मधल्या बँकेंतल्या कोणास तो खटकला. ही गोष्ट मी अण्णांना सांगितली तेव्हां ते बराच वेळ हंसत होते. ऱ्हस्वदीर्घावरून त्यांनीं आम्हां सर्व भावंडांचे कान पिळलेले आहेत.

पण त्यांचें मत पालटलें तें हंसण्यानें नव्हे. तें पालटलें ऑगस्ट २०१८ मध्यें.

पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची. आमच्यासारख्या किती घरांतल्या आजींच्या पेन्शनी व मुलींच्या लग्नाच्या ठेवी तिच्यांत असतील याची गणती नाहीं. ११ ऑगस्टला दुसरा शनिवार, म्हणजे बँका बंद. दुसरे दिवशीं रविवार. चोर सुट्टी पाहून येतो हें शास्त्र जुनेंच आहे. कार्डानें पैसे काढूं गेलें म्हणजे त्या यंत्राची विचारणा बँकेच्या मध्यस्थ यंत्रणेकडे जाते, तिला स्विच म्हणतात. ती मूळ खात्यास विचारते आणि ‘द्या’ किंवा ‘देऊं नका’ असें उत्तर परत येतें. चोरांनीं बँकेच्या संगणकांत आधींच शिरकाव करून एक तोतया स्विच उभा केला होता. तो खात्याला विचारीतच नसे. येईल त्या विचारणेस ‘द्या’ म्हणे. मग खोटीं कार्डें घेतलेलीं माणसें निरनिराळ्या ठिकाणीं एकाच सुमारास उभीं राहिलीं. २८ देशांतून सुमारें १२,००० वेळां मिळून ७८ कोटि रुपये, आणि भारतांत सुमारें २,८०० वेळां मिळून अडीच कोटि रुपये निघाले. पैसे काढण्याच्या जागांत आपलें कोल्हापूरही होतें. सोमवारीं १३ तारखेस आणखी १३ कोटि ९२ लक्ष रुपये हाँगकाँगच्या एका बँकेंतील खात्यावर धाडले गेले. एकूण ९४ कोटि ४२ लक्ष. ठेवीदारांच्या खात्यांतून पै देखील गेली नाहीं, कारण तोतयानें त्यांच्या खात्यांना हातच लावला नव्हता. बुडाले ते बँकेचे पैसे.

माझा त्या बँकेशीं कांहीं संबंध नव्हता. पण त्या आठवड्यांत आमच्या धंद्यांतलें माणूस पुण्यांत धड झोंपलें असेल असें मला वाटत नाहीं. बुधवारीं स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीस मी घरीं फोन केला, तेव्हां अण्णांनीं तो स्वतः घेतला. त्यांचा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. त्यांनीं विचारलें, “माग कुठपर्यंत गेला?” मी सांगितलें, “अठ्ठावीस शिवा ओलांडून गेला, अण्णा.” ते म्हणाले, “मग पुढच्या गांवचा पाटील माग घेतो का तुमचा हातीं?” हा प्रश्न इतका अचूक होता कीं त्याचें उत्तर द्यावयास मला अर्धा तास लागला. कोणीं घेतात, कोणीं घेत नाहींत. २०१९ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळानें आपल्या अहवालांत या दरोड्याच्या संदर्भांत उत्तर कोरियाकडे बोट दाखविलें. एप्रिल २०२३ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें ११ जणांस दोषी ठरविलें, तीं बहुतेक आपल्याकडचीं, कार्डें घेऊन पैसे काढणारीं वगैरे प्यादीं. तोतया स्विच ज्यांनीं रचला, ते आपल्या कोणत्याही न्यायालयापुढें उभे राहिलेले नाहींत. आपल्या गांवच्या हद्दींत माग हरवला तर जुन्या काळीं पुष्कळ ठिकाणीं नुकसान गांवास किंवा जागल्यास भरून द्यावें लागे. ही शिक्षा अन्यायाची होती. पण तिच्यामुळें प्रत्येक शीव दुसऱ्या शिवेशीं बांधलेली होती. आजच्या शिवांना तसें बांधून ठेवणारें अद्यापि कांहीं झालेलें नाहीं.

सरकार स्वस्थ बसलें आहे असें मात्र नव्हे. सर्ट-इन ही राष्ट्रीय संस्था २००४ पासून आहे. तिच्या एप्रिल २०२२ च्या हुकुमान्वयें असा प्रकार लक्षांत आल्यापासून सहा तासांच्या आंत तिला कळवावें लागतें, व १८० दिवसांच्या नोंदी जपून ठेवाव्या लागतात. रिझर्व्ह बँकेनें बँकांना २०१६ मध्येंच पहाऱ्याची व्यवस्था लावून दिली होती. नागरी सहकारी बँकांसाठीं नियम ऑक्टोबर २०१८ मध्यें आले. म्हणजे कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनीं. या धंद्यांत पुष्कळसे नियम अशाच तारखांचे असतात. आणि या नियमांमुळेंच आज सायबर-सुरक्षेच्या उमेदवारांस मागणी आहे, हेंही पालकांनीं लक्षांत घ्यावें. ती केवळ हौसेची लाट नव्हे, कायद्यानें ठेवावयास लावलेला पहारा आहे.

आतां याची किंमत. ती मी सांगतें, कारण ती जाहिरातींत छापीत नाहींत. चोर सण पाहून येतो, म्हणून जागल्यास सण नसतो. बारा वर्षांत मी चार दिवाळ्या घरीं केल्या. रात्रपाळीनें पित्त वाढतें, माणसें तुटतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्यान्वयें स्त्रीस रात्रीं साडेनऊनंतर कामावर ठेवावयाचें तर तिची संमति लागते, आणि संरक्षणाची व घरीं पोंचविण्याची जबाबदारी मालकावर येते. माझ्या बाबतींत गाडी नियमानें दाराशीं येई, तरी माझ्या लग्नाच्या बोलण्यांत ‘मुलगी पहाटे गाडीनें येते’ हें वाक्य तीन ठिकाणीं आड आलें. चौथ्या ठिकाणीं तें आलें नाहीं, व तेथें मी सुखानें नांदतें आहें. पण सर्वांत जड जातें तें मौन. आमच्या घरांत आमटींत मीठ किती पडलें इथपासून सर्व गोष्टी पंगतींत चर्चिल्या जातात. तेथें बसून मी मात्र कोणाचें घर राखतें, त्याच्या भिंतीला कोठें खिंड आहे, काल रात्रीं काय घडलें, यांतलें एक अक्षर बोलूं शकत नाहीं. आईला पुष्कळ दिवस वाटे कीं मी घरच्यांपासून दुरावलें. तिची समजूत घालण्याचा मार्गही नव्हता, कारण समजूत घालावयाची तर तेंच सांगावें लागलें असतें.

मार्ग विचारणारांस थोडक्यांत सांगतें. संगणकाची पदवी असल्यास उत्तम; पण पदवीपेक्षां पाया पाहतात. एका यंत्राचा निरोप दुसऱ्या यंत्राकडे कसा पोंचतो, म्हणजे ज्याला नेटवर्किंग म्हणतात, तें हातावर असलें पाहिजे. लिनक्स चालवितां आलें पाहिजे, पायथनसारख्या एका भाषेंत लहानसहान काम लिहितां आलें पाहिजे. पुण्यांत १९८८ सालीं स्थापन झालेल्या सीडॅक या सरकारी संस्थेचा डीआयटीआयएसएस नांवाचा पदविका-अभ्यासक्रम आहे, आमच्याकडचीं कित्येक चांगलीं मुलें त्यांतून आलीं. प्रमाणपत्रांचा बाजार मोठा आहे. सुरवातीस एखादें पुरे. त्यांतलें सीआयएसएसपी म्हणून जें मानाचें गणतात, त्यास पांच वर्षांचा अनुभवच लागतो, तेव्हां तें आधीं मिळवून देण्याचें आमिष कोणी दाखवील तर त्याच्या दारावरून पुढें जावें. आणि लिहितां आलें पाहिजे. काय दिसलें, केव्हां दिसलें, काय केलें, हें चार ओळींत असें लिहावयाचें कीं झोपेंतून उठलेल्या माणसास पहिल्या वाचनांत कळावें. मराठी शाळेंत सारांशलेखन चांगलें जमलेल्या मुली येथें पुढें जातात, असा माझा अनुभव आहे.

परवानगीचा प्रश्न मात्र थोडक्यांत सांगतां येत नाहीं, आणि तो आमच्या घरींच उभा राहिला.

माझी भाची, थोरल्या दादाची मुलगी, नगरास बी. एस्‌सी. करीत होती. २०२३ च्या पावसाळ्यांत एका रात्रीं मी कामावर निघण्याच्या बेतांत असतां तिचा फोन आला. आवाज आनंदानें थरथरत होता. “आत्या, मला एक भोंक सापडलें!” दादाची ठेव आमच्या भागांतल्या एका पतसंस्थेंत आहे. संस्थेनें नुकतीच पावत्या ऑनलाइन पाहण्याची सोय केली होती. बापाची पावती पाहतां पाहतां पोरीचें लक्ष वरच्या पत्त्याकडे गेलें. त्याच्या शेवटीं पावतीचा क्रमांक होता. तिनें शेवटचा आंकडा एकानें वाढविला. लगेच गांवांतल्याच दुसऱ्या एका खातेदाराचें नांव, रक्कम आणि वारसाचें नांव पुढें आलें. मी विचारलें, “किती उघडल्यास?” “एकच.” “दुसरी उघडूं नकोस. जें दिसलें त्याची वेळ लिहून ठेव, खिडकी बंद कर, आणि कॉलेजांत कोणाजवळ बोलूं नकोस.”

दुसरे दिवशीं दादानें सभासद या नात्यानें संस्थेच्या व्यवस्थापकास सभ्य शब्दांत पत्र दिलें. तिसरे दिवशीं सायंकाळीं ते गृहस्थ तणतणत घरीं आले. “तुमच्या मुलीनें आमची साइट हॅक केली. पोलिसांत देऊं का?” घरांत एकच हलकल्लोळ झाला. काकूंना मुलीच्या लग्नाची धास्ती पडली. एकदां ‘हॅकर’ असें नांव पडलें कीं गांवांत तें पुसणार कोण? दादाच्या शेतीकर्जाचें नूतनीकरण त्याच संस्थेंत अडकलें होतें, तेव्हां तो म्हणूं लागला कीं पत्र मागें घ्यावें, पोरीनें माफी मागावी, आणि हा अभ्यासच सोडावा. पोर रडून रडून झोपली.

मी शनिवारीं रात्रपाळी संपवून तशीच गाडींत बसलें व दुपारीं घोडेगांवीं पोंचलें. सगळे बसले होते. अण्णांनीं मला एकच विचारलें : “ही विद्या चोराची कीं राखणदाराची?” मी म्हटलें, “विद्या एकच आहे, अण्णा. चोराला जें ठाऊक असतें तें राखणदाराला ठाऊक नसेल तर त्याचा उपयोग काय?” मग मी कायदा सांगितला. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमान्वयें परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत शिरणें दोषास्पद आहे, त्याची भरपाई द्यावी लागते; आणि तेंच लबाडीच्या हेतूनें केलें तर कलम ६६ खालीं तीन वर्षांपर्यंत कैद व पांच लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. पोरीचा हेतु लबाडीचा नव्हता. तरी तिनें तो आंकडा वाढविला तो कोणास न विचारतां, हेंही मी लपविलें नाहीं. आमच्या धंद्यांत हीच परीक्षा मालकाच्या लेखी परवान्यानें करतात, त्याबद्दल पगार घेतात. तोच परवाना नसेल तर तेंच बोट, तोच आंकडा, आणि तोच मनुष्य आरोपी ठरूं शकतो. तिला मीं सर्वांसमक्ष एवढेंच म्हटलें, कीं पुन्हां असें दार दिसलें तर त्याला हात लावण्यापूर्वीं ज्याचें घर त्याला हांक मारावयाची.

दादा म्हणाला, “म्हणजे चूक तिचीच.” तेव्हां अण्णा बोलले. “माझ्या बापाच्या दप्तरांत एकाच्या जमिनीचें पान दुसऱ्यापुढें उघडें पडलें असतें, आणि कोणी पोर येऊन म्हणालें असतें कीं तात्या, पान मिटा, तर तात्यांनीं काय केलें असतें? पान मिटलें असतें. पोराला चावडीवर नेलें नसतें.” थोडें थांबून ते म्हणाले, “पत्र मागें घ्यावयाचें नाहीं. कर्जाचें मी बघतों.” अण्णांनीं कर्जाचें काय बघितलें तें मला कळलें नाहीं, नूतनीकरण एवढें झालें खरें, दोन महिने उशिरा.

त्या रात्रीं मीं व भाचीनें मिळून सर्ट-इनकडे रीतसर कळविलें : काय दिसलें, केव्हां, किती वेळां, व त्यानंतर काय केलें नाहीं. कांहीं आठवड्यांनीं पावतीचा क्रमांक बदलला तरी दुसऱ्याची पावती दिसेनाशी झाली. संस्थेकडून आभाराचें अक्षर आलें नाहीं. व्यवस्थापक अजूनही फांट्यावर दादा दिसला कीं मोटारसायकल दुसऱ्या बाजूनें घेतात. ज्या खातेदाराची पावती त्या रात्रीं उघडली गेली, त्यास यांतलें कांहींच ठाऊक नाहीं. तो आमच्याकडे आषाढीला येतो, चहा घेतो, आणि भाचीला विचारतो, “काय ग, काय शिकतेस?”

पुढें तिनें पदविका पुरी केली, आणि २०२५ च्या जूनमध्यें पुण्यास एका कंपनींत लागली. पहिल्या श्रेणींत, रात्रपाळीवर. तिच्या वेळीं माजघरांत खल झाला नाहीं. फक्त निघण्याच्या आदल्या दिवशीं अण्णांनीं तिला आपल्याजवळ बसवून, त्यांच्या लहानपणीं पहाटे वर्दी द्यावयास येणाऱ्या त्या जागल्याचें नांव सांगितलें. मी तेराव्या वर्षापासून अण्णांकडून जुन्या दप्तराच्या गोष्टी ऐकत आलें आहें, पण तें नांव त्यांच्या तोंडून मीं पहिल्यानें ऐकलें. जोत्याखालीं बसणारा म्हणूनच आम्ही त्याला ओळखत होतों.

सकाळीं सातला तिची पाळी सुटते. गाडींत बसल्यावर ती पहिला फोन आईला करीत नाहीं, मलाही नाहीं, अण्णांना करते. ते तोंवर स्नानसंध्या आटोपून ओट्यावर बसलेले असतात. दहा मिनिटें दोघांचें कांहीं बोलणें चालतें. काय बोलतां म्हणून मीं दोघांनाही विचारून पाहिलें. दोघेंही सांगत नाहींत.